साडूंचा राहिलेला दरोडा

गुन्हेगारांच्या शहरात वर्षानुवर्षं राहून तिथे एकही गुन्हा न केलेला माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं भाग्य. शहर म्हणजे खरं शहर नव्हे. टीव्हीच्या पडद्यावरचं, व्हिडिओ गेममधलं. त्या गेममध्ये म्हणे खेळणाऱ्यानं गुंड व्हायचं असतं. रस्त्यावरची मोटार थांबवायची, आतल्या माणसाला बखोट धरून बाहेर काढायचं, दुकानं लुटायची, पोलिसांना गुंगारा द्यायचा आणि असं करत करत शहराचा दादा व्हायचं. जगभरातली तरुण मुलं हे सगळं मोठ्या आवडीनं करतात असं ऐकतो. आमचे साडू मात्र साठी उलटल्यावर त्या शहरात दाखल झाले आणि पहिल्या दिवसापासून फूटपाथवरून चालायला लागले. सिग्नल लाल झाला की थांबतात. समोरून बाईमाणूस आलं की बाजूला होतात. पुण्यात उभा जन्म काढूनही फूटपाथवरून सलग चालायची हौस काही भागली नव्हती, ती त्यांनी तिथे भागवून घेतली असं माझं मत आहे.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, आणि तीही तपासणी खात्यात. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू हातात घ्यायची, व्हर्निअर लावून मोजायची आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' एवढंच बोलायचं. मधला तिसरा शब्द त्या खात्यात नसतो, आणि हळूहळू तो साडूंच्या घरगुती बोलण्यातूनही गेला. दारूगोळ्याला हे ठीकच आहे. 'बरा आहे, घ्या चालवून' असा तोफगोळा कुणालाच नको असतो. पण संध्याकाळी घरी येणारा माणूस आपली तपासणी कारखान्यात ठेवून येतोच असं नाही. आमच्याकडे नवं जेवणाचं टेबल आलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी 'छान आहे' म्हटलं. साडूंनी खिशातून काचेची एक गोटी काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर विचार करत थांबली, मग सावकाश निघाली आणि स्वयंपाकघराच्या बाजूला खाली पडली. "तीन पायांवर उभं आहे," एवढं बोलून ते वरणभात कालवायला लागले. तेव्हापासून त्या टेबलाशी बसलं की आमटी बायकोच्या दिशेनं निघाली आहे असा मला भास होतो. माणूस खिशात गोटी घेऊन जेवायला का येतो, असं मी बायकोला नंतर विचारलं. "तुम्ही नाही का चष्मा घेऊन येत," ती म्हणाली. माहेरच्या माणसांबद्दलची तिची उत्तरं नेहमी तयार असतात.

दुसरी सवय खिसे चाचपायची. कारखान्यात आत जाताना काडेपेटी, लायटर असलं काही जवळ नाही ना, हे गेटवर बघतात. रोज सकाळी ती झडती देऊन देऊन साडूंना कुठल्याही दारापुढे थांबून आपले दोन्ही खिसे चाचपायची सवय जडली. आयुष्यात विडी ओढली नाही, पण देवळात, बँकेत, दवाखान्यात, आमच्या घरी, कुठेही उंबऱ्याशी आले की आधी खिसे, मग पाऊल. एका लग्नात कार्यालयाच्या दारात ते असे चाचपत उभे राहिले, तर नवऱ्या मुलाच्या काकांना वाटलं की हे आहेराचं पाकीट विसरले. ते बिचारे पुढे झाले, साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, राहू द्या हो, तुम्ही आलात यातच आलं." साडूंच्या पिशवीत चांगला स्टीलचा डबा होता. पण समोरचा इतक्या मायेनं बोलल्यावर तो काढायचा कसा, या विचारात त्यांचं जेवण होऊन गेलं आणि डबा परत घरी आला.

तिसरी गोष्ट मात्र सवय नव्हे, ते त्यांचं तत्त्वज्ञान आहे. कुठलाही नवा माल आला की तो एकटा बघायचा नाही. आधी पास झालेला जुना नमुना कपाटातून काढायचा, नव्याच्या शेजारी ठेवायचा आणि मगच बोलायचं. चपला घ्यायला जातात तेव्हा पायात एक जुनी आणि एक नवी घालून दुकानात फेऱ्या मारतात. चहाच्या पुडीचा जुना डबा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही असं आपल्याकडे असतं. यांच्याकडे जुना डबा संपवायचाच नाही असं आहे, कारण मग ताडून कशाशी बघणार? ताई, म्हणजे माझी ही मेव्हणी, एकदा म्हणाल्या, "नशीब माझं, मला बघायला आले तेव्हा शेजारी जुना नमुना ठेवला नव्हता." साडूंनी यावर खरोखरच थोडा विचार केला आणि ते म्हणाले, "तेव्हा मी ट्रेनिंगवर होतो."

निवृत्तीनंतर खडकीचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी पुण्याच्या पार पूर्व टोकाला, मांजरी गावात, फ्लॅट घेतला. गॅलरीतून ऊस दिसतो हे कारण. आता एका बाजूला ऊस आणि तीन बाजूंना दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात. त्यांची एकुलती एक मुलगी मनू हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. मांजरी आणि हिंजवडी ही दोन्ही पुण्याचीच टोकं आहेत असं म्हणायची पद्धत आहे, पण या टोकाकडून त्या टोकाला जाऊन यायचं तर माणसानं घरच्यांचा नीट निरोप घेऊन निघावं. मनूनं काही महिने ते केलं. कंपनीच्या बसमध्ये झोपायची, बसमध्येच जेवायची. शेवटी तिनं तिथेच दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं जागा घेतली. एक अमरावतीची, एक वर्ध्याची, दोघीही हसऱ्या मुली. आणि पहिल्याच रविवारी साडू मुलीची नवी जागा बघायला गेले.

बघायला म्हणजे काय, ते आता वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. गोटी होतीच. शिवाय टेपही नेली होती. न्हाणीघराचा उतार उलटा आहे, दाराची बिजागरी एका स्क्रूवर आहे, गॅसची नळी बदलायला झाली आहे, हे सगळं त्यांनी मैत्रिणींच्या देखत सांगितलं. मग मोर्चा मैत्रिणींकडे वळला. त्या नोकरीला कुठे आहेत, दाराला आतून कडी कोण लावतं, स्वयंपाक कोण करतं आणि तो केल्यावर ओटा कोण पुसतं. वर्ध्याच्या मुलीनं शिरा केला होता. तो साडूंनी चाखला आणि नेहमीच्या सवयीनं एक शब्द उच्चारला. तो शब्द कुठला हे सांगायला नको. मनू खाली रिक्षापर्यंत सोडायला आली आणि तिथे मात्र तिचे डोळे भरून आले. "बाबा," ती म्हणाली, "कधीतरी मला नुसतं भेटायला या ना. तपासायला येणार असाल तर नका येऊ."

दुसऱ्या कुठल्या बापानं यावर रागावून किंवा रडून दोन दिवसांत विषय संपवला असता. पण आमच्या साडूंनी ती सूचना लेखी आल्यासारखी अमलात आणली. तपासल्याशिवाय बघायचं कसं हे त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी जाणंच बंद केलं. ताई महिन्यातून एकदा डबे भरून एकट्या हिंजवडीला जायच्या. फोनवर बापलेकींचं बोलणं व्हायचं ते असं: "जेवलीस?" "हो." "बरं. आईला देतो." असं एक वर्ष गेलं, मग दुसरं सुरू झालं. ताई माझ्या बायकोपाशी रडायच्या. साडू कुणापाशीच काही बोलायचे नाहीत. त्यांनी फक्त एवढंच केलं, की एक दिवस मनूच्या खोलीत जाऊन ती मागे ठेवून गेलेला गेमचा डबा उचलला आणि तो टीव्हीला जोडला. ही मुलगी कॉलेजात असताना तासन्‌तास यात काय बघत बसायची, ते त्यांना बघायचं होतं.

मला याचा पत्ता नव्हता. मी एकदा सहज मांजरीला गेलो, तर साडू सोफ्याच्या कडेवर ताठ बसलेले. शर्ट खोचलेला, हातात गेमचा रिमोट. पडद्यावर एक आडदांड गुंड, अंगात चामड्याचं जाकीट, चौकात नुसता उभा.

"हा का थांबलाय?" मी विचारलं.

"सिग्नल."

"पण तो तर पायी चाललाय."

"पायी चालणाऱ्यांनाही सिग्नल असतो. तुम्ही पेठेत राहता, तुम्हाला कल्पना नसेल."

"मग गाडी का नाही घेत?"

"कुणाची?"

"कुणाचीही. तसाच खेळ आहे म्हणतात हा."

साडूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी पूर्वी एकदाच, आमच्या टेबलाकडे पाहिलं होतं. "इथल्या सगळ्या गाड्या कुणाच्या ना कुणाच्या आहेत," ते म्हणाले आणि हिरवा दिवा लागल्यावर आपल्या गुंडाला काळजीपूर्वक पलीकडे घेऊन गेले.

तो त्या गेमचा पहिला भाग होता. त्याबद्दल साडूंचं मत चांगलं नव्हतं, आणि ते मला दर भेटीत सविस्तर ऐकावं लागे. माझी स्वतःची मजल पत्त्यांच्या पुढे गेलेली नाही, पण दरोडेखोरांच्या गावात हा माणूस रोज जाऊन नक्की करतो तरी काय, या उत्सुकतेपोटी मी ऐकत राहिलो. तर त्या गावात दुकानं खूप, पण दारं नुसती रंगवलेली. उघडत एकही नाही. रस्त्यावर माणसं दिसतात, पण तुम्ही पाठ वळवून पुन्हा बघितलं की तिथली माणसं गायब आणि दुसरीच हजर. निळ्या शर्टाचा एकच इसम एका सकाळी सहा ठिकाणी भेटतो. पाण्यात पाय घसरला की माणूस दगडासारखा बुडतो. गावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जायचा पूल बंद, आणि तो उघडायचा तर आधी कुणाला तरी लुटायचं. साडूंनी पूल कधीच ओलांडला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पोलीस. एकदा चालताना साडूंच्या गुंडाचा एका हवालदाराला चुकून खांदा लागला. साडू माफी मागायला जागीच थांबले, तर त्यानं गोळीच घातली. "चौकशी नाही, पंचनामा नाही," साडू चार दिवस हळहळत होते. "आणि आपल्या माणसाला माफी मागता येत नाही हो. तो मुका आहे. पहिल्या भागात त्याला वाचाच दिलेली नाही."

हे सगळं ताईंनी हिंजवडीला जाऊन मनूला सांगितलं. सांगितलं ते गंमत म्हणून, पण मनूनं म्हणे ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पुढच्या खेपेला ताई परत आल्या तेव्हा रिकाम्या डब्यांच्या पिशवीत त्या गेमचा दुसरा भाग होता आणि बरोबर मनूचा निरोप होता: दुसऱ्या भागात दोन घरांतल्या माणसांना एकाच शहरात एकत्र हिंडता येतं. बाबांनी पहिलं प्रकरण पुरं केलं की त्यांनी मला तिथे बोलवावं. मी रोज संध्याकाळी येईन. ताई हे आम्हाला सांगत होत्या तेव्हा साडू खिडकीपाशी उभे राहून उसाकडे बघत होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. अर्थात नमुना शेजारी ठेवून. एक तास पहिला भाग, मग चकती बदलून एक तास दुसरा. पहिल्यात ज्या प्रकारचा चौक, त्याच प्रकारचा चौक दुसऱ्यात शोधायचा. आणि रोज मला फोन. "अहो, दारं उघडतात." दुसऱ्या दिवशी, "पाण्यात पडलो, पोहता येतं." मग, "पोलीस आधी थांबा म्हणतो. हात वर केले की ऐकून घेतो. शिकलेला दिसतो." दुसऱ्या भागात बस धावते, आणि थांब्यावर थांबते. घरात कपाट आहे आणि त्यात आपलं पिस्तूल ठेवून बाहेर पडता येतं. साडूंना ही सुधारणा सगळ्यात आवडली. गुंडाला वाचा आली होती. एक बटण दाबलं की तो समोरच्याला नमस्कार-चमत्कार करतो, आणि दुसऱ्या दिवशी तो समोरचा ओळख ठेवतो. साडू त्या गावात सकाळचे फिरायला लागले. बागेत एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकायला यायचा. एका सकाळी तो आला नाही, तर साडूंनी दिवसभर नीट जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना फोन. "आला हो." "कोण?" "म्हातारा." आवाजात इतकी सुटका होती की मीही नकळत म्हणालो, "बरं झालं बाई."

महिनाभरानं त्यांनी निकाल दिला. "सुधारणा आहे," ते म्हणाले. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडून हे शब्द त्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होत्या.

अडचण एकच होती. पहिलं प्रकरण पुरं करायचं म्हणजे गावातल्या सराफी दुकानावर दरोडा घालायचा. त्याशिवाय मनूला बोलावता येत नव्हतं. साडूंनी सगळे मार्ग शोधून पाहिले. बसचा मार्ग, चालायचा मार्ग, पोलीस चौकीत जाऊन उभं राहायचा मार्ग. दरोड्याला पर्याय नव्हता. ताई रोज विचारायच्या, "झालं का?" आणि मनू ताईंना फोनवर विचारायची, "झालं का?" शेवटी एका शुक्रवारी साडूंचा मला फोन आला. "उद्या सकाळी जरा येता का? दरोडा आहे. बरोबर कुणीतरी असलेलं बरं." मी बायकोला सांगितलं. "जेवूनच या मग," ती म्हणाली, "दरोड्याला वेळ लागतो."

मी पोचलो तेव्हा साडू अंघोळ करून, देवापुढे हात जोडून, शर्ट खोचून तयार होते. ताईंनी पोहे केले होते. साडूंनी आपला गुंड घराबाहेर काढला, बसमध्ये बसवला, बाजारात उतरवला आणि सराफाच्या दारापुढे आणला. मग त्यांचा चेहरा पडला. "पिस्तूल घरीच राहिलं," ते म्हणाले.

"मुद्दाम ठेवलंत?" ताईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"सवयीनं."

परत बस, परत घर, परत कपाट. आणि पिस्तूल घेतल्यावर साडू बसमध्ये बसायला तयार होईनात. हत्यार घेऊन सार्वजनिक वाहनात चढायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी झडती घेणार नाही, असं मी सांगून पाहिलं. "म्हणून तर आपण चढायचं नाही," ते म्हणाले. तो गुंड सबंध शहर पायी तुडवत, प्रत्येक सिग्नलला थांबत दरोड्याला निघाला. मी दुसऱ्यांदा पोहे घेतले. तोवर ते निवले होते.

दुकानात काउंटरमागे चष्मा लावलेली एक तरुण मुलगी होती. एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन अंगठी बघत होता. साडू त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. "अहो!" ताई ओरडल्या. तेव्हा त्यांनी दीर्घ श्वास घेतला, एक बटण दाबलं, आणि गुंडानं पिस्तूल रोखलं. ती मुलगी दचकली. तिनं आधी झटकन दाराकडे बघितलं, मग आपल्याकडे, आणि मग हळूहळू हात वर केले. साडूंचा अंगठा बटणावर तसाच राहिला आणि मग निघाला. गुंडानं पिस्तूल खाली घेतलं. मोहीम फसली, असं पडद्यावर आलं.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी म्हातारी मटकन खाली बसली, आणि साडूंनी पुन्हा पिस्तूल खाली घेतलं. तिसऱ्या खेपेला ताई म्हणाल्या, "डोळे मिटा आणि करा एकदाचं!" साडूंनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले, तर गुंडानं गर्रकन वळून भिंतीवरच्या घड्याळावर पिस्तूल रोखलं. त्या घड्याळानं काही हात वर केले नाहीत. साडूंनी रिमोट टीपॉयवर ठेवला.

"अहो, ती काय खरी माणसं आहेत का?" मी म्हणालो.

"मला माहीत आहे. पहिल्या भागात एक वेळ दरोडा घातलाही असता. तिथं माणसं नव्हतीच, नुसते ठोकळे होते." ते पडद्याकडे बघत होते. "यांनी माणसं फार चांगली केलीत. ती पोरगी बघितलीत? आधी दाराकडे बघते. कुणी येतंय का म्हणून."

"मग एवढ्यापुरतं रिजेक्ट करा."

"रिजेक्ट कसं करू? सगळ्यात उत्तम तेच झालंय." मग म्हणाले, "मी मनूच्या जागेत टेप काढली ना, तेव्हा ती पण अशीच दाराकडे बघत होती. मला दिसलं होतं ते. मी बिजागरी बघत राहिलो."

इतक्या वर्षांत या माणसानं माझ्यापाशी स्वतःबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ताई उठून फोन घेऊन गॅलरीत गेल्या. त्या हळू बोलतात असा त्यांचा समज आहे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. "नाही गं होत बाबांच्यानं. दोनदा पिस्तूल खाली घेतलं. ती दुकानातली मुलगी घाबरते म्हणे." मग बराच वेळ पलीकडचं ऐकणं. "अगं हो, बाबाच. दुसरं कोण?"

दुपारची जेवणं झाली, साडू आडवे झाले. मी निघणार, तर ताईंनी चहा ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. दारात मनू, खांद्याला सॅक, चेहऱ्यावर रस्त्याची सगळी धूळ. साडू उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा गृहस्थ 'जेवलीस?' म्हणणार आणि हातात नसलेला फोन ताईंकडे देणार. पण मनूच आत आली, सॅक खाली टाकली आणि सोफ्यावर धपकन बसली. "सरका, बाबा. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पहिल्याच दिवशी केलंय," ती म्हणाली.

तिनं रिमोट घेतला आणि तो गुंड सरळ धावत सुटला. वाटेत मनू एक मोटार थांबवायला गेली, पण वडिलांकडे बघून तो बेत तिनं सोडला. दुकान आलं. पिस्तूल रोखलं. चष्म्याची मुलगी दचकली, तिनं दाराकडे बघितलं, हात वर केले. मनूचा अंगठा थांबला. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिनंही पिस्तूल खाली घेतलं.

"बाबा, खरंच की," ती हळूच म्हणाली. "ती दाराकडे बघते. मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तुम्ही एका झटक्यात कराल."

"मलाही तसंच वाटलं होतं," साडू म्हणाले. मग रिमोट हातात घेत, "चल, तुला म्हातारा दाखवतो."

मी चहा पिऊन निघालो तेव्हा बापलेक शेजारी बसून त्या गावातल्या बागेत कबुतरं बघत होते. मला कुणी निरोपही दिला नाही.

तेव्हापासून मनू दर दोन-तीन रविवारांनी मांजरीला येते. कशाला, असं ऑफिसात कुणी विचारलं तर बाबांबरोबर दरोडा घालायला जाते असं सांगते. दरोडा अजून झालेला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी निघतं. कधी दुकानात गर्दी असते, कधी बस चुकते, कधी बागेतच उशीर होतो. खरं सांगायचं तर त्यांनी मनावर घेतलं तर ते काम दोन मिनिटांचं आहे. पण एकदा पहिलं प्रकरण पुरं झालं की मनू तिकडूनच खेळू शकेल, आणि मग एवढा प्रवास करून मांजरीला यायचं कारण उरणार नाही. साडू यावर फक्त "घाई नाही" एवढंच म्हणतात.

परवा त्यांचा फोन आला. जरा कुजबुजतच बोलत होते. तिसरा भाग येतोय म्हणे, आणि त्यात पहिल्या दिवसापासून दोघांना एकत्र हिंडता येतं, आधी दरोडा वगैरे काही घालावा लागत नाही. "फार मोठी सुधारणा आहे," ते म्हणाले, पण आवाज अगदी खाली गेला होता. "मनूला अजून कळलेलं दिसत नाही. तुमच्याकडून काही बोललं जायला नको." मी बरं म्हटलं. आता गंमत अशी की मागच्याच महिन्यात एका बारशाला मनू भेटली होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "काका, तिसऱ्या भागाचं बाबांना प्लीज सांगू नका हं." मी तिलाही बरं म्हटलं होतं. दोघांनाही शब्द दिला आहे, आणि तो तिसरा भाग जमेल तितका उशिरा यावा असं आता मलाही वाटायला लागलं आहे.